भिंतीकडे तोंड केलेली बाटली

त्या दुकानात दोन बहिणी होत्या आणि दोघींत मिळून नाक एकच होतं. ऐकायला गंमत वाटते, पण खरंच तसं होतं. थोरलीला वासाची इतकी जाण की बाटलीचं झाकण अर्धवट फिरवलं तरी ती सांगायची, तेल ताजं आहे की उतरलंय. आणि धाकटीला अकराव्या वर्षी ताप आला होता, तो आठवड्याने गेला, पण जाताना तिचा वास घेऊन गेला. दिसायला नाक झकास होतं, सरळ आणि तरतरीत. कामाला मात्र शून्य.

आता सुगंधी आणि औषधी तेलं विकणाऱ्या बाईला वासच येत नाही हे लोकांना कळलं असतं तर दुकानाचं पार हसं झालं असतं. म्हणून दोघींनी ते झाकून ठेवलं होतं. एखादं गिऱ्हाईक धाकटीच्या नाकाखाली बाटली धरायचं आणि विचारायचं, "कसं आहे हो?" तेव्हा थोरली मागच्या बाजूने हळूच खाकरायची. एकदा खाकरली की धाकटीने डोळे मिटून "वा!" म्हणायचं. दोनदा खाकरली की नाक मुरडायचं. हे नाटक पंचवीस वर्षं बिनबोभाट चाललं. थोरलीच्या पोटच्या मुलीलासुद्धा त्याचा पत्ता नव्हता.

मालाची पारख करायची पद्धतही दोघींनी वाटून घेतली होती. "नाक माझं, हात तुझा," असं थोरली म्हणायची. बाटली उघडली की आधी ती हुंगायची. पसंत पडली तर चमचाभर साध्या तेलात थेंब मिसळून ते धाकटीच्या कोपराच्या आतल्या मऊ कातडीवर लावायचं, वर गॉजचा छोटा चौकोन ठेवायचा, कागदी चिकटपट्टी लावायची आणि एक दिवस थांबायचं. पट्टीचं एक टोक थोरली न चुकता आत दुमडायची, म्हणजे काढताना नखाने खरवडत बसावं लागत नाही. ही तिची खास सवय. धाकटीला एवढा धीर कधीच नव्हता, ती पट्टी थापटायची आणि मोकळी व्हायची.

जी बाटली नाकाला पसंत पडायची नाही ती थोरली फळीवरच उलटी फिरवून ठेवायची, लेबल भिंतीकडे. महिनाअखेरीला भिंतीकडे तोंड केलेल्या सगळ्या बाटल्या खोक्यात भरून टाकायला जायच्या. बाटली कधी उघडली ही तारीख मात्र दोघींपैकी कुणी लिहीत नसे. थोरलीचं म्हणणं, "तारीख नाकाला कळते." आणि पंचवीस वर्षांत धाकटीच्या हातावर एकदाही साधी लाली आली नव्हती. त्याचा तिला भारी अभिमान. "माझा हात म्हणजे शिक्का आहे," असं ती ज्याला त्याला सांगायची. उतरलेलं तेल त्या हातापर्यंत कधी पोचलंच नव्हतं, हे तिच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

त्यांचं सगळ्यात जास्त खपणारं तेल म्हणजे टी ट्री, एका परदेशी झाडाच्या पानांचं. मुरमांवर लोक ते न्यायचे. शाळकरी मुली, नुकती मिसरूड फुटलेली मुलं, एक बस चालवणारी बाई, कधी एखादा पन्नाशीचा कारकून, जो म्हणायचा की पुतण्यासाठी हवंय. थोरली प्रत्येकाला तेच पाठ म्हणून दाखवायची. "चमचाभर साध्या जोजोबा तेलात पाच थेंब. सहावा नाही. नुसतं कधी लावायचं नाही, कातडी सोलून निघेल आणि मग म्हणाल मुरमं परवडली. डोळ्यांच्या आणि ओठांच्या जवळ न्यायचं नाही. फुटलेल्या मुरमावर नाही. पोटात तर अजिबात नाही. आणि चेहऱ्याला लावायच्या आधी स्वतःच्या हाताला लावून एक दिवस बघा. माझ्या बहिणीच्या हाताला चाललं म्हणजे तुमच्या चेहऱ्याला चालेल असं नसतं." गिऱ्हाइकं मान डोलवायची. धाकटीही मान डोलवायची, पण शेवटचं वाक्य तिला मनातून थोडं लागायचं.

मग थोरली आजारी पडली आणि तीन आठवड्यांत आटोपलं. शेवटच्या दोन दिवसांत तिला बोलायला त्रास व्हायचा, तरी तिने धाकटीचा हात धरून दोन गोष्टी सांगितल्या. "छबीचा चेहरा आता तुझ्याकडे." छबी म्हणजे तिची मुलगी, एकोणीस वर्षांची. बाप लहानपणीच गेलेला, आणि कातडी अशी हळवी की वारा लागला तरी पुटकुळी उठावी. दुसरी गोष्ट सांगताना थोरली थांबत थांबत बोलली. "तिला तुझ्या नाकाचं सांगून टाक. तिच्याशी नाटक करू नकोस." धाकटीने मान हलवली. मान हलवायला काय जातं!

तिने सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत ती टाळत राहिली. आई गेलेली पोर, तिच्यासमोर आता आपण दोन माणसांची जागा भरून उभं राहायचं, आणि पहिलंच वाक्य काय तर मी अर्धीच आहे? तिच्या जिवावर आलं. शिवाय एक भीती होती. पोरीचा विश्वास उडाला तर ती इथे कशाला राहील?

दुकान पुढे आणि राहायच्या दोन खोल्या मागे, मध्ये एक दार. महिनाभर शोक झाल्यावर धाकटीने दुकान पुन्हा उघडलं, आणि तिला तिथला अंधार सोसेना. थोरलीने खिडकीला कायम जाड काळा पडदा लावून ठेवलेला. धाकटीने तो ओढून काढला, घडी करून माळ्यावर टाकला आणि बाटल्यांची फळी सरळ खिडकीसमोर आणली. तपकिरी काचेत ऊन शिरलं आणि सगळी फळी मधासारखी दिसू लागली. येणारीजाणारी माणसं काचेतून बघायला लागली. धाकटीला बरं वाटलं. थोरली गेल्यापासून तिने स्वतःच्या डोक्याने केलेली ही एकच गोष्ट.

पडदा काढल्यावर सहा आठवड्यांनी पहिली बाटली फिरली.

सकाळी दुकान उघडलं तर फळीवरची तिसरी बाटली, टी ट्रीची, भिंतीकडे तोंड करून उभी. धाकटीने ती सरळ केली. दुसऱ्या दिवशी तीच बाटली, तशीच. तिने आत जाऊन भाचीला विचारलं, "छबी, तू बाटल्यांना हात लावतेस का गं?"

छबी चादरीत तोंड खुपसून पडली होती. आतूनच म्हणाली, "मी दुकानात पाऊलसुद्धा ठेवत नाही, माहितीये ना तुला."

तेही खरंच होतं. आई गेल्यापासून तिचा चेहरा भडकला होता, गालांवर आणि हनुवटीवर नुसता उच्छाद. मुरमांचं तेल विकणाऱ्यांच्या घरची पोर आणि तिचंच तोंड असं! लोक बघून हसतील म्हणून ती दुकानाकडे फिरकत नसे. बाहेर पडताना डोळ्यांपर्यंत ओढणी.

धाकटीने स्वतःची समजूत घातली. फळी तिरकी असेल. रस्त्यावरून मालाचे ट्रक जातात, त्याने काच हलत असेल. तिने फळीखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, बाटलीभोवती खडूने गोल काढला आणि बाटलीच्या पोटावर व फळीवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली. बाटली तसूभर फिरली तरी रेघ तुटायला हवी. सकाळी बाटली भिंतीकडे होती. खडूचा गोल जराही पुसलेला नव्हता. आणि रेघही तुटलेली नव्हती. ती बाटलीच्या मागच्या बाजूला होती, फळीवरच्या रेघेला तंतोतंत जुळलेली, जणू कुणी फळीवरची रेघही बाटलीसोबत मागे उचलून नेली होती.

मग तिने काय करावं? ती बाटली तिने त्याच दिवशी विकून टाकली. पलीकडच्या गल्लीतली शिंपीण आली होती, तिला दिली. डोळ्यांसमोरून गेली म्हणजे प्रश्न मिटला, असा तिचा हिशेब.

पंधरा दिवसांनी शिंपीण परत आली. दोन्ही गाल लाल, सुजलेले, कातडीचे पापुद्रे निघालेले. धाकटीची जीभ आधी धावली. "तुम्ही जास्त घातलं असेल."

"पाचच थेंब," शिंपीण म्हणाली. "मी कापड मापते हो रोज, मला पाच मोजता येतात. हातालाही लावून बघितलं होतं. जरा खाजलं, पण म्हटलं तुमच्याकडचं म्हणजे चांगलंच असणार."

"मग तुमची कातडीच नाजूक आहे. डॉक्टरांना दाखवा." एवढं बोलून धाकटीने तिला वाटेला लावलं. ती गेल्यावर धाकटीने गल्ल्यातले पैसे दोनदा मोजले. मागे वळून फळीकडे बघायचा तिला लगेच धीर झाला नाही. वळल्यावर दिसलं, आणखी दोन बाटल्या फिरल्या होत्या. भर सकाळी, ऊन असताना, तिची पाठ वळलेली असताना.

त्यानंतर ती रोज सकाळी दुकान उघडायची, फिरलेल्या बाटल्या सरळ करायची आणि त्याविषयी कुणाशी अवाक्षर बोलायची नाही. माणसाला कशाचीही सवय होते. फक्त फळीला पाठ करून बसायचं ती टाळू लागली.

अशात एक दिवस छबी स्वतःहून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "मावशी, मला नोकरी मिळाली."

"अगं बाई! कुठे?"

"चष्म्याच्या दुकानात. काउंटरवर. दहा दिवसांनी हजर व्हायचंय." पोरीने ओठ चावला. "तिथे चारही भिंतींना आरसे आहेत गं. आणि लोकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन चष्मा बसवून द्यावा लागतो. मला आईचं ते तेल करून देशील?"

सात महिन्यांत पोरीने मावशीकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. धाकटीला भरून आलं. "न द्यायला काय झालं? आत्ता देते," असं म्हणत ती उठून दुकानात गेली, आणि दारातच थबकली. टी ट्रीच्या सातही बाटल्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. एका ओळीत, शाळेत शिक्षा केल्यासारख्या.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याहून जास्त तिला राग आला, पंचवीस वर्षांचा साठलेला. "मेलीस तरी माझ्या डोक्यावर बसायचं सोडणार नाहीस का तू?" ती दातांत बोलली. "एक तरी गोष्ट मला माझी करू दे." तिने सातही बाटल्या खडाखड सरळ केल्या, मधली उचलली आणि घेऊन आली.

छबीने बाटली हातात घेतली, उघडली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "मावशी, याचा वास वेगळा येतोय."

"वेगळा म्हणजे?"

"माहीत नाही. आईच्या तेलाचा असा नसायचा. हा टोचतोय."

धाकटीने बाटली तिच्याकडून घेतली, डोळे मिटले, पोटभर श्वास ओढला. मागून कुणी खाकरलं नाही. खाकरणार कोण? तिने डोळे उघडून हसून सांगितलं, "छान आहे. अगदी ताजं. सात महिने झाले, तू विसरलीस. नाक कुणाचं मोठं, माझं की तुझं?"

छबी ओशाळली. "तसं नाही. तू म्हणतेस तर असेल."

हे धाकटीने केलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पोरीचं नाक खरं सांगत होतं आणि मावशीने आपल्या खोट्या नाकाने ते गप्प बसवलं.

तिने चमचाभर जोजोबात पाच थेंब मोजून मिसळले, सहावा नाही. ते मिश्रण आपल्या कोपराच्या आत लावलं, गॉज ठेवला, पट्टी थापटली. "उद्या दुपारपर्यंत बघू. काही झालं नाही तर तुझ्या चेहऱ्याला लावू."

"आई माझ्या हाताला लावून बघायची."

"माझा हात पंचवीस वर्षांचा शिक्का आहे. आणि तुला गुदगुल्या होतात, हातपाय झाडतेस. उद्या दुपारी बघू म्हटलं ना."

पण दुसऱ्या दिवशी दुपारी तेलांचं मोठं पार्सल आलं आणि ते उतरवून घेण्यात, फुटलंतुटलं बघण्यात धाकटी तीन तास अडकली. पार्सलवाल्याने पावतीवर चार ठिकाणी सह्या घेतल्या. मधलं दार बंद होतं, त्याला टेकून खोकी रचली होती. छबी आतल्या खोलीत झोपली होती. लावणं त्या दिवशी राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने आपली पट्टी खरवडून काढली. कातडी स्वच्छ. लालीचा मागमूस नाही. तिने छबीला सौम्य साबणाने तोंड धुवून यायला सांगितलं, खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि वाटीत कापसाची काडी बुडवली. उघड्या चेहऱ्याने उजेडात बसलेली पोर तिने किती दिवसांनी बघितली होती! मुरमांच्या खाली चेहरा थेट थोरलीचा होता.

"डोळे मीट," धाकटी म्हणाली आणि काडी गालाजवळ नेली.

"थांब थांब! आधी माझी पट्टी काढू दे ना."

काडी हवेतच राहिली. "कोणती पट्टी?"

"कोणती काय? तू काल दुपारी लावलीस ती." छबीने बाही वर सारली. कोपराच्या आत गॉजचा छोटा चौकोन होता, त्यावर कागदी चिकटपट्टी, चारही बाजूंनी सरळ कापलेली. आणि तिचं एक टोक आत दुमडलेलं होतं.



छबी आपल्या नादात बोलत होती. "मला वाटलंच होतं तू ऐकशील. आईही अशीच मी झोपले असताना लावून जायची, गुदगुल्यांमुळे. मला जराशी जाग आली होती काल. तुझा हात केवढा थंड होता गं! मी झोपेत 'आई' म्हणाले. तुला कसंतरी वाटलं असेल, हो ना? काही बोलली नाहीस. नुसती दोनदा खाकरलीस आणि गेलीस."

"दोनदा," धाकटी म्हणाली.

"हो. दोनदा. का?"

"काही नाही. हो, लावली होती. विसरलेच मी." दुमडलेलं टोक चिमटीत धरून तिने पट्टी ओढली. ती अलगद निघून आली.

खाली नाण्याएवढी जागा लालभडक झाली होती. कडा सुजलेल्या, मध्ये पाण्याने भरलेले बारीक फोड. छबीने "आई गं!" करून हात मागे घेतला. धाकटीने कापसाची काडी वाटीत टाकली, वाटी लांब सरकवली आणि भाचीला ओढत मोरीपाशी नेलं. साबण लावून ती जागा धुतली, पुन्हा धुतली, गार पाण्याची धार धरली. त्या नाण्याएवढ्या डागाच्या जागी तिला दोन्ही गाल दिसत होते, कपाळ दिसत होतं, डोळ्यांच्या खालची पातळ कातडी दिसत होती. अर्ध्या मिनिटाचा फरक होता. काडी गालाला टेकायलाच आली होती.

"मला वास येत नाही," ती पाण्याच्या आवाजात म्हणाली.

"काय?"

धाकटीने नळ बंद केला. "मला वास येत नाही, छबी. अकरा वर्षांची असल्यापासून. कशाचाच नाही. नाक तुझ्या आईचं होतं. मी नुसतं नाटक करायची."

छबीने ओला हात छातीशी धरला. मग हळूच म्हणाली, "परवा मी म्हणाले वास वेगळा आहे, तेव्हा?"

"तेव्हा मी खोटं बोलले."

"माझ्या तोंडाला लावणार होतीस तू ते."

"हो."

पोर रडेल, ओरडेल, पिशवी भरेल, धाकटीने सगळ्याची तयारी ठेवली होती. पण छबीने हात पुसला, मधलं दार ढकललं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा, ओढणीशिवाय, दुकानात गेली. फळीसमोर उभी राहून तिने एकेक बाटली उघडायला सुरुवात केली. हुंगायची, झाकण लावायची. पहिली तिने भिंतीकडे फिरवून ठेवली. दुसरी. तिसरी. धाकटी दारात उभी होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण बाटल्या फिरवायची रीत तिने पोरीला कधी सांगितलीच नव्हती.

"असं का ठेवतेस?" तिने विचारलं.

"आई ठेवायची. लहानपणी बघितलंय मी." छबीने मागे न बघता उत्तर दिलं. "रंगाच्या डब्यासारखा वास आहे हा. सगळ्यांना. उन्हात ठेवल्यास ना?"

त्या दिवशी काळा पडदा माळ्यावरून खाली आला. टी ट्रीच्या सात आणि इतर चार, अशा अकरा बाटल्या खोक्यात गेल्या. धाकटी शिंपिणीच्या घरी गेली आणि दारातच उभं राहून तिने सगळं सांगितलं, नाकासकट. शिंपिणीने तिला आत बोलावलं नाही, पाणीही विचारलं नाही. तो तिचा हक्कच होता. पण तिने विचारलं, "आणखी कुणाला दिलंय?" तेव्हा धाकटीने आठवून लिहून आणलेली यादी दाखवली. पुढचे चार दिवस ती त्या यादीतली घरं फिरली. दुकानात पाटी लागली की तेलाचा वास मालकिणीला कळत नाही, तारीख बघून घ्या. लोक हसले. थोडे दिवस हसले.

नवीन माल आला तो छबीने हुंगला. प्रत्येक लेबलवर उघडल्याची तारीख पडू लागली. हातावरचा डाग फिका पडेपर्यंत पोरीला कसलंही तेल लावायचं नाही, असं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आणि एकदा अंगावर उठलंय म्हटल्यावर हे तेल पुढेही तिच्यासाठी नकोच, असंही सांगितलं. त्यांनी वेगळं मलम दिलं. छबी दहाव्या दिवशी मुरमांसकट चष्म्याच्या दुकानात गेली. संध्याकाळी येऊन म्हणाली, "लोक स्वतःलाच बघतात गं आरशात. माझ्याकडे कोण बघतंय?"

बाटल्या मग फिरेनाशा झाल्या. धाकटी रोज सकाळी दुकान उघडायची, पडद्याच्या अंधारात फळीकडे बघायची. सगळी लेबलं तिच्याकडे तोंड करून. आठवडा गेला, महिना गेला. आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. मग एका सकाळी ती फळीसमोर उभी राहिली आणि तिला रडू कोसळलं. थोरली गेली ती खरी आत्ता, असं तिला वाटलं. म्हणून तिने एक वेडेपणा केला. टाकायच्या राहिलेल्या खोक्यातली एक जुनी उतरलेली बाटली तिने परत आणली आणि नव्या बाटल्यांच्या मध्ये ठेवली, लेबल पुढे करून. वर फुली मारली, चुकून विकायला नको म्हणून. मग वाट बघत बसली.

तीन दिवस बाटली जागची हलली नाही. चौथा दिवस छबीच्या सुट्टीचा. ती सकाळीच दुकानात आली, चेहऱ्यावर मलमाचे ठिपके, तोंडात कसलंसं गाणं. धाकटी गल्ल्यामागे लेबलांवर तारखा लिहीत होती. छबी फळीपाशी गेली आणि थांबली.

"ही कुठून आली इथे?" तिने बाटली हुंगली आणि भिंतीकडे फिरवून ठेवली.

तेवढ्यात कुणीतरी खाकरलं. हळूच. दोनदा.

धाकटीची लेखणी थांबली. छबी पाठमोरी होती. "घसा बसलाय का गं तुझा?" धाकटीने विचारलं.

छबी वळली. "माझा? तूच खाकरलीस ना आत्ता? त्या दिवशी पट्टी लावताना खाकरली होतीस तशीच."

हो म्हणणं सोपं होतं. आत्तापर्यंत सगळं सोपंच करत आली होती ती. धाकटीने लेखणी खाली ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "आत्ता मी नव्हते. आणि तेव्हाही मी नव्हते."

छबीचा हात आपोआप कोपराच्या आत गेला, जिथे तो डाग आता जवळजवळ पुसला होता. मग छबीने ती बाटली उचलली आणि खोक्यात नेऊन टाकली.